गिअरचा हात

दिवाळी सरली की आमच्याकडचे रस्ते अर्धेच उरतात. उरलेल्या अर्ध्यावर धान वाळत असतं. सडक अर्जुनीहून नवेगाव बांधकडे येताना डांबराच्या कडेने लांबच लांब पिवळा पट्टा पसरलेला असतो आणि त्याच्या काठाने ओळीने दगड मांडलेले असतात. दगड दिसले की गाडीवाल्याने काय ते समजून घ्यायचं. परवा शाळेतून घरी येताना मी गाडी हळू केली, काच खाली घेतली आणि नव्या धानाचा तो वास आत येऊ दिला. कोंड्याचा, ओलसर तणसाचा, उन्हात तापलेल्या डांबराचा. एक बाई पायांनी धान सारत चालली होती. धानात उमटलेल्या तिच्या पावलांच्या रेघा बघत मी तिच्या मागे बैलगाडीच्या चालीने जात राहिले.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी बाकाखाली मोबाईल धरून गाड्यांची गेम खेळताना सापडली होती. मी मोबाईल काढून घेतला आणि सवयीने पडद्याकडे पाहिलं. ती गेम मी ओळखली. नवाकोरा भाग होता, पावसात भिजलेला रस्ता आरशासारखा चमकत होता, पण घराण्याचं नाव तेच होतं. मुलगी घाबरून माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला वाटलं असेल, बाई आता बोलतील. बाई मात्र विचारत होत्या, "याच्यात गिअर हातानं टाकता येतो का गं?"

तिला प्रश्नच कळला नाही.

त्या गेमचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे. आमच्या घरात तिला त्या नावाने कोणी कधी हाक मारली नाही. आम्ही तिला नुसतं 'गाडी' म्हणायचो. 'गाडी लाव' म्हटलं की कॉम्प्युटर सुरू करायचा.

ती मी पहिल्यांदा पाहिली १९९९ साली, फुलचूरला मामाच्या घरी. मामा लग्नपत्रिका कंपोज करायचा. त्याच वर्षी आमचा जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला होता आणि मामा दिवसभर जुन्या मजकुरात 'जि. भंडारा' खोडून 'जि. गोंदिया' करत बसायचा. काम संपलं की तो डोळे चोळत म्हणायचा, "चल पोट्टी, आता गाडी लावू." मी अकरा वर्षांची. पडद्यावर समुद्राकाठचा रस्ता यायचा. झाडं पुठ्ठ्याची वाटायची. गाड्यांच्या काचा काळ्या, आत माणूस नाही. पण वळण आलं की मी आणि मामा दोघंही खुर्चीत त्या बाजूला झुकायचो.

मग दर एक-दोन वर्षांनी सुट्टीत गेले की मामाकडे पुढचा भाग आलेला असायचा. एकात पोलिसांच्या गाड्या मागे लागायच्या. एकात सगळं शहर रात्रीचंच, दिव्यांनी भरलेलं, आणि गाडी रंगवायचं दुकान. मी तासन् तास गाडी रंगवतच बसायचे, चालवायचे कमी. त्याच्या पुढच्या भागात माणसं आली, ती एकमेकांना धमक्या द्यायची आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत गाडी मिळायची नाही. मामाला ते आवडलं नव्हतं. "हे गाडीची गेम आहे का नाटक?" तो म्हणायचा.

माझे बाबूजी खरी गाडी चालवायचे. ट्रक, नागपूर ते रायपूर, बावीस वर्षं. मामाकडे न्यायला आले की दारातूनच माझा खेळ पाहायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "याच्यात माल किती आहे?"

"माल नसतो बाबूजी, रेस आहे."

"मंग खाली गाडी आहे म्हन. खाली गाडी कोनीही पळवते."

खाली म्हणजे रिकामी. त्या शब्दांनी माझ्या साऱ्या जिंकलेल्या शर्यती धुळीला मिळाल्या.

मी बारावीला होते त्या वर्षी, भादव्यात, बाबूजींना लकवा मारला. सकाळची वेळ होती. देवरीकडचा घाट उतरून गाडी खाली आली आणि त्यांना वाटलं, डावा हात झोपला. ते गिअरच्या दांड्याकडे पाहत होते आणि हात तिथवर जात नव्हता. त्यांनी उजव्या हाताने स्टेअरिंग धरून गाडी कडेला घेतली, ढाब्यासमोर नीट उभी केली, किल्ली काढली, क्लिनरच्या हातात दिली आणि मग पडले. हा क्रम क्लिनरने आम्हाला दवाखान्यात तीन-तीनदा सांगितला. बाबूजींनी नंतर त्याबद्दल एकदाच म्हटलं, "भरलेली गाडी होती. मधात कशी सोडू?"

पाय महिनाभरात सुधारला. हात नाही. डावा हात म्हणजे आपल्याकडच्या गाडीत गिअरचा हात. जेवायला तो लागत नाही, सही करायला लागत नाही, डायव्हरला मात्र त्याच्यावाचून चालत नाही. गोंदियाला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी एक लाल रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, दाबत राहा. पहिल्या काही महिन्यांत हात जेवढा हलेल तेवढाच पुढे तुमचा. बाबूजींनी तो चेंडू दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या धानाच्या बांधीत भिरकावला.

"मी का लेकरू आहो चेंडू खेळाले?"

माय चिखलातून तो शोधून आणायची, धुऊन त्यांच्याजवळ ठेवायची. ते तिकडे पाहायचे नाहीत. ओसरीत बसून हायवेच्या दिशेने कान द्यायचे. तीन किलोमीटरवरून जाणारी गाडी भरलेली आहे की खाली, हे त्यांना आवाजावरून कळायचं.

आमच्या घरासमोर कापणी सुरू झाली होती. बायका वाकून धान कापत होत्या, कापलेल्या धानाचे पुंजणे उभे राहत होते, सगळ्या गावाचे दोन्ही हात कामात होते. तशात मामा आला. एका बैलगाडीत त्याने आपला जुना कॉम्प्युटर गोणपाटात गुंडाळून आणला होता. त्याने नवा घेतला होता. "रत्नाच्या अभ्यासाले," तो माझ्याकडे बघत मायला म्हणाला. मग गोणपाटातून आणखी एक खोकं काढलं. त्यात प्लास्टिकचं स्टेअरिंग होतं, टेबलाला स्क्रूने आवळायचं, आणि मधोमध अंगठ्याएवढा गिअरचा दांडा.

"हे कायले?" बाबूजींनी विचारलं.

"तुमाले."

बाबूजी हसले नाहीत, चिडलेही नाहीत. उठून टेबलाजवळ आले, उजव्या हाताने डावा हात उचलला आणि त्या दांड्यावर नेऊन ठेवला. जसं झोपलेलं मूल उचलून दुसऱ्या खाटेवर ठेवावं.

त्या जुन्या कॉम्प्युटरला नवे भाग झेपत नव्हते. चाललं ते फक्त सगळ्यात जुनं, समुद्राकाठचं, पुठ्ठ्याच्या झाडांचं. पण तेच उपयोगी पडलं. पुढच्या भागांत गिअर आपोआप पडायचा, हाताने टाकला तरी चालायचं, नाही टाकला तरी चालायचं. या जुन्यात एकदा 'हाताने' असं निवडलं की मग दयामाया नव्हती. गिअर चुकला की इंजिन ओरडायचं किंवा गाडी चढावर दम टाकायची. बाबूजींनी डोळे मिटून तो ओरडण्याचा आवाज ऐकला.

"आवाज बरोबर आहे," ते म्हणाले. "बनवनारा कधीतरी गाडीत बसला आहे."

पहिली शर्यत ते शेवटून पहिले आले. एकाही गाडीला त्यांनी धक्का लावला नाही. वळणावर हॉर्न शोधत राहिले. समोरची गाडी आडवी आली की थांबायचे. मी म्हणाले, "बाबूजी, ठोकर लागली तं काही होत नाई. गाडी पुन्हा उभी राहते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. "ठोकर मारूनच पुढं जाचं असंल तं मी नाई खेळत."

म्हणून मी त्यांना एकट्याने पळायचा प्रकार लावून दिला. रस्त्यावर दुसरी गाडी नाही. फक्त आपल्याच आजवरच्या सगळ्यात चांगल्या फेरीची एक गाडी, काचेसारखी आरपार, पुढे पळत असते. मुलं तिला भूत म्हणतात.

"हे कोनाची गाडी?"

"तुमचीच. कालची."

ते खुर्चीत पुढे सरकले. "काल मी असा वळलो?" ते म्हणाले. "छ्या."

तिथून ते हट्टाला पेटले. त्या वर्षी भारनियमन कडक होतं. आमच्याकडे वीज पहाटे येऊन नऊला जायची आणि दुपारी दोन-तीन तास यायची. बाबूजींनी त्या वेळा अशा पाठ केल्या जशा पूर्वी चेकनाक्यांच्या केल्या असतील. वीज यायच्या आधी आंघोळ करून, शर्ट घालून टेबलापाशी बसलेले असायचे. बनियनवर कधी बसले नाहीत. मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला रसायनशास्त्र घेऊन बसायचे. माय खळ्यावरून यायची, अंगावर कोंडा, आणि दारात उभी राहून म्हणायची, "पोरीची परीक्षा आहे अन् तुमी गेम खेळून राहिले. गावात काय सांगू मी?"

"सांग, डूटीवर आहे म्हनून."

चढ आला की दांडा खाली, सपाटी आली की वर. सुरुवातीला बोटं दांड्याला चिकटायची, सुटायचीच नाहीत. मनगट कापायचं. वीस मिनिटांत घाम फुटायचा. मग पाच मिनिटं थांबून पुन्हा. वीज गेली तरी बंद पडद्यासमोर ते गिअर टाकत बसायचे, तोंडाने इंजिनचा आवाज काढत. मला हसू यायचं आणि मी पुस्तकात तोंड लपवायचे.

फेरी कमी वेळात पुरी झाली की गेम यादीसाठी नाव विचारायची. बाबूजींचं नाव देवाजी. नंबरप्लेटी वाचून त्यांना इंग्रजी अक्षरं येत होती. नाव डाव्या हाताच्या बोटानेच लिहायचं, हा त्यांचा नियम. पण बोट ठेवलं की उचललं जायचं नाही, आणि चौकट भरेपर्यंत 'डी डी डी डी डी डी' असं उमटायचं. कार्तिकात यादीतल्या दहाच्या दहा ओळी अशा नुसत्या डीने भरलेल्या होत्या. पौषात एका ओळीत तीन डी आणि दोन ई आले. मामा फोनवर विचारायचा, "कितवर पोहोचले भाऊजी?" मी सांगायचे, "व्हीपर्यंत." संक्रांत उलटल्यावर एका सकाळी माझ्या पुस्तकावर टकटक झाली. मी वर पाहिलं. पडद्यावर पूर्ण नाव होतं, एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. बाबूजींनी डाव्या हाताने शर्टाचं वरचं बटण लावून दाखवलं आणि मायला हाक मारली.

ट्रकच्या मालकांना, ज्यांना सगळे सेठ म्हणत, ही बातमी पोहोचलीच. त्यांनी निरोप पाठवला: परवान्याचं नूतनीकरण करून घे, नवी गाडी येते आहे, ती तुझीच. डॉक्टरचा दाखला लागणार होता. घरात एकदम हवा बदलली. बाबूजींचा खाकी शर्ट पेटीतून निघाला. मायने तो धुतला, पण दोरीवर वाळत घालताना तिच्या कपाळावरची आठी मला दिसली. परीक्षा तोंडावर आली होती, मी माझ्या भीतीत होते. तरी मलाही वाटत होतं की हे आपण केलं, मी आणि त्या पुठ्ठ्याच्या झाडांनी.

माझा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारची वीज होती. बाबूजींनी आपली आजवरची सगळ्यात चांगली वेळ नोंदवली. भूत मागे राहिलं, दिसेनासं झालं. मी टाळ्या वाजवल्या.

"हे पुन्हा दाखवते का?" त्यांनी विचारलं.

शर्यत संपल्यावर तीच फेरी बाहेरून बघायची सोय होती. मी ती लावली. पडद्यावर त्यांची गाडी एकटीच पळायला लागली. आम्ही दोघं बघत होतो, मी कौतुकाने. ते कशाने, ते मला कळत नव्हतं. चढाच्या तोंडाशी त्यांनी बोट लावलं.

"थांबव. इथी पाह्य."

"काय?"

"गाडीनं झोल खाल्ला. गिअर टाकाच्या पहिले. पुन्हा दाखव."

मी पुन्हा लावलं. आता मलाही दिसलं. दर चढाआधी, दर मोठ्या वळणाआधी, गाडी केसभर रेंगाळायची. जणू कोणी तिला विचारत होतं आणि उत्तर यायला वेळ लागत होता.

"एवढंसं तं आहे बाबूजी. तुम्ही जिंकले."

त्यांनी डावा हात वर धरला. मूठ मिटली, उघडली. हात आता छान मिटत होता.

"पहिले मले मालूमही नाई पडे की गिअर कवा पडला," ते म्हणाले. "हात आपला जाऊन येत जाय. आता मी त्याले सांगतो, मंग थो जाते. विचार करून गिअर टाकनाऱ्यानं भरलेली गाडी घाटात नेऊ नये."

"पण अजून सराव केला तर..."

"रत्ना, सराव होईल तेवढा झाला." त्यांनी दांड्यावरचा हात काढला. "हे गेम खोटं नाई बोलत. आपुनही नाई बोलू."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत सडक अर्जुनीला गेले. सेठ ढाब्यावर खाटेवर बसले होते. समोर नवी गाडी उभी, बंपरला लिंबू-मिरची. बाबूजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला हात लावला आणि परत येऊन सांगितलं की मी येणार नाही.

सेठना वाटलं, दाखल्याची अडचण आहे. ते हसले. "अरे देवाजी, डॉक्टर अपना है. देखेगा भी नहीं. साइन हो जाएगी भाई."

"सही होईल सेठ," बाबूजी म्हणाले. "हात नाई होनार."

सेठ चिडले. इतके दिवस गाडी तुझ्यासाठी अडवली, म्हणाले. बाबूजी ऐकत उभे राहिले, मान खाली न घालता. मग नमस्कार करून निघाले. परतीच्या वाटेवर आम्ही काळीपिवळीत बसलो होतो आणि ते खिडकीतून बाहेर पाहत होते. मी रडत होते.

"तू काऊन रडून राहिली? मी मेलो का?"

"तुम्ही इतके महिने..."

"त्या महिन्यांनीच तं हात भेटला मले. बटन लावतो, कोयता धरतो, तुह्या मायची मोळी उतरवतो. थो घरचा हात झाला. गाडीचा नाई झाला. बस्स."

ते इतक्या ठामपणे बोलले की समोरच्या सीटवरचा माणूस वळून पाहायला लागला.

दहा-बारा दिवसांनी सेठ स्वतः आमच्या दारात आले. नवी गाडी ज्याला दिली होती त्याने ती पहिल्याच फेरीत नाल्यात घातली होती, नशिबाने कोणाला लागलं नव्हतं. ओसरीत चहा घेत त्यांनी विचारलं, "तू चला नहीं सकता, तो देख तो सकता है?" तेव्हापासून नव्या डायव्हरला गाडी द्यायच्या आधी बाबूजी त्याच्याशेजारी बसून घाटापर्यंत जाऊन येत. ते काही बोलायचे नाहीत. परतल्यावर सेठना एकच शब्द सांगायचे, 'द्या' किंवा 'नका देऊ'. नऊ वर्षं त्यांनी ते काम केलं, आणि त्यांचा शब्द सेठनी एकदाही मोडला नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांनी मलाही शिकवलं. मामाने कोणाची तरी जुनी मोटार मागून आणली होती. कोरड्या बांधीत, धसकटांवरून. डाव्या सीटवर बसणाऱ्याचा उजवा हात हँडब्रेकवर येतो आणि उजवा हात त्यांचा शाबूत होता. माझ्या गेममधल्या सगळ्या हुशाऱ्या पहिल्या दहा मिनिटांत संपल्या. बांध आला की मी डोळे मिटायचे. ते म्हणायचे, "डोये उघड. रस्ता तुले पाहून राहिला."

पुढे नोकरी लागल्यावर, इंटरनेट हाताशी आल्यावर, एका सुट्टीत मी त्या गेमचा इतिहास वाचत बसले. बनवणारे बदलले, कंपन्या बदलल्या. कधी शर्यत मोठी झाली, कधी गोष्ट. एखादा भाग लोकांनी नाकारला की पुढच्याने पुन्हा जुना रस्ता धरायचा. कोणी कोणता भाग श्रेष्ठ यावर भांडत होतं. आम्ही ज्याच्यावर तो हिवाळा काढला तो भाग लोकांच्या यादीत कुठेतरी मध्यावर होता: चित्रं साधी, गिअर फार कडक, नवशिक्यांना त्रासाचा. मी ते वाचलं आणि त्या अनोळखी बनवणाऱ्याला मनातल्या मनात हात जोडले. बरं झालं बाबा, तू कडक राहिलास. तू थोडी सूट दिली असतीस, ते रेंगाळणं झाकलं असतंस, तर माझे बाबूजी भरलेली गाडी घेऊन घाटात गेले असते आणि आम्ही त्यांना आनंदाने जाऊ दिलं असतं. त्यांचा हात किती बरा झाला हे सगळेच सांगत होते, डॉक्टर, सेठ, मामा, मी. किती बरा झाला नाही, हे एका जुन्या गेमने दाखवलं आणि त्यांनी ते पाहायचं धाडस केलं. जिंकल्यावर आपलीच फेरी पुन्हा बघायला कोण मागतं?

दोन वर्षांपूर्वी मावसभावाच्या लग्नाला आम्ही रायपूरला निघालो. माझी गाडी, मी चालवत होते. बाबूजी शेजारी, माय मागे आहेराच्या पिशव्यांमध्ये. धानकापणीचेच दिवस, लख्ख ऊन. सेठचं काम सोडल्यापासून बाबूजी त्या रस्त्याला फिरकले नव्हते. घाट सुरू झाला तसा त्यांचा पाय मॅटवर दाबला जायला लागला. "हळू." "तिसरा घे." "समोरचा डिपर देऊन राहिला, येऊ दे त्याले." मी ऐकत होते, करत होते. घाट उतरला, ढाबे मागे पडले, छत्तीसगडची हद्द आली. आणि सूचना थांबल्या.

मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं आणि ते रागावले. मी समोरून नजर न काढता विचारलं, "काय झालं बाबूजी?"

मागून मायचा आवाज आला, अगदी हळू.

"बोलू नको. झोपले."

"कोण?"

"तुहे बाबूजी. लग्न होऊन चाळीस वर्ष झाले बाई. दुसऱ्याच्या हाती चालत्या गाडीत हे झोपलेले मी कधी पाह्यले नाई."

मी रेडिओ बंद केला. रायपूर यायला अजून दोन तास होते. तोवर एकदाही हॉर्न वाजवायचा नाही असं मी ठरवलं, आणि नाही वाजवला.